आठवड्याला बारा तास

सुईची खूण कशी दिसते हे मला कुणी सांगावं लागत नाही. काउंटीच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काम करते आहे. रक्त तपासायला घेताना आम्ही वापरतो ती सुई बारीक असते आणि तिची खूण दोन-तीन दिवसांत पुसली जाते. माझ्या मुलीच्या, अ‍ॅन्सलीच्या उजव्या हाताच्या घडीत मला दिसलेली खूण तशी नव्हती. ती मसुराच्या दाण्याएवढी होती, किंचित खोलगट, कडेनं फिकट पडलेली, आणि मधोमध ताजी खपली. म्हणजे सुई जाड होती, एकाच जागी पुष्कळदा टोचलेली होती, आणि शेवटची वेळ दोन किंवा तीन दिवसांपूर्वीची होती.

एप्रिलमधला शनिवार होता. त्या शनिवार-रविवारी सोरोरिटीतल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीत वर्गणी भरून चालणाऱ्या भगिनीमंडळातल्या, मुली आपापल्या आयांना घर दाखवायला बोलावतात. पांढऱ्या खांबांच्या त्या घरापुढच्या हिरवळीवर टेबलं मांडली होती. अडीचशे मुली आणि जवळजवळ तितक्याच आया. उकाडा चांगलाच होता. सगळ्या मुलींनी बिनबाह्यांचे पांढरे कपडे घातले होते. अ‍ॅन्सली तेवढी लांब बाह्यांचा पातळ सदरा घालून आली होती. चिकन सॅलडच्या सँडविचचं मोठं तबक टेबलावर ठेवताना बाही मेयोनेजमध्ये बुडू नये म्हणून तिनं ती वर सरकवली. मग माझ्याकडे बघितलं आणि खाली ओढली.

पहिला विचार मनात आला तो कुठल्याही आईच्या मनात येईल तोच. पण नशेसाठी टोचणारी माणसं एकाच शिरेवर, एकाच जागी, इतक्या नेटकेपणानं टोचत नाहीत. त्यांचे हात मी पाहिलेले आहेत. हे काम शिकलेल्या माणसाचं होतं. मी सँडविच घेतलं आणि चावत राहिले.

पावणेदोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आम्ही तिघं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो, ते इथे सांगायला हवं. अ‍ॅन्सलीला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता आणि तिला सोरोरिटीत जायचं होतं. वर्षाचा खर्च साडेचार हजार डॉलर, शिवाय कपडे, शिवाय भेटवस्तू. मी म्हटलं, शिक्षण, खोली, जेवण आम्ही देऊ. हे नाही.

माझी कारणं होती. त्याच युनिव्हर्सिटीत मीही शिकले. आठवड्याला वीस तास रसायनशास्त्राच्या विभागात काचेची भांडी धुतली. त्या घरांच्या मागच्या रस्त्यानं रोज जात होते आणि त्या मुलींचा मला हेवा वाटत नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. मैत्रीसाठी वर्गणी भरायची ही कल्पनाच मला विचित्र वाटायची.

"मग मी मासे पकडणाऱ्यांच्या क्लबला भरतो ती काय?" माझा नवरा ड्वेन म्हणाला होता. तो काउंटीच्या शाळाबस दुरुस्त करतो. "तिथे तर मासेही मिळत नाहीत."

"तू स्वतःच्या पगारातून भरतोस."

"आणि चर्चला देतो तो दहावा हिस्सा? तिथेही भगिनी आहेतच की. सिस्टर अर्लीन, सिस्टर मॉडी..."

"ड्वेन, गंमत पुरे."

त्याची बहीण जोलीन त्या दिवशी आली होती. ती स्वतः त्याच सोरोरिटीची, अजून त्यांच्या सहलींना जाणारी. "अगं रोंडा, आईबापांनीच भरायचे असतात ते," ती म्हणाली. "आमच्या पप्पांनी भरले. गाई विकल्या, पण भरले. मुलीला शिकायला पाठवायचं नि दारात उभं ठेवायचं, याला काय अर्थ आहे?"

"तिला कुणी दारात उभं ठेवत नाहीये. आत जायचं तर स्वतःच्या पैशानं जावं."

अ‍ॅन्सली एवढा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चालेल. मी भरीन. अटी सांग."

ती माझीच मुलगी आहे. मी कागद घेतला आणि लिहिलं. सोरोरिटीचे पैसे ती स्वतः भरेल. त्यासाठी कर्ज काढायचं नाही, क्रेडिट कार्ड घ्यायचं नाही. सत्र चालू असताना आठवड्याला बारा तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. एकाही विषयात बी श्रेणीच्या खाली जायचं नाही. खाली तिघांनी सह्या केल्या. जोलीन म्हणाली, "आता हिला कोर्टातही उभी कर," आणि पर्स उचलून निघून गेली.

पहिलं वर्ष पार पडलं. पोहण्याच्या तलावावर चार उन्हाळे जीवरक्षक म्हणून उभं राहून तिनं पैसे साठवले होते, शाळा संपली तेव्हा नातेवाइकांनी दिलेले होते. दुसऱ्या वर्षी ती ग्रंथालयाच्या काउंटरवर काम करू लागली. पैसे पुरतात का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुरतात, ममा." मी हिशेब मागितला नाही. मला वाटायचं, न मागण्यातच माझा विश्वास दिसतो.

तर त्या शनिवारी हिरवळीवर जेवणानंतर लिलाव सुरू झाला. ही त्या घराची दरवर्षीची रीत आहे. लांब टेबलावर वस्तू मांडलेल्या असतात, प्रत्येकीपुढे एक कागद, आणि आया त्यावर नाव आणि आकडा लिहीत जातात. आदल्या नावापेक्षा मोठा आकडा. रजया होत्या, केकच्या टोपल्या होत्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या घरातला एक आठवडा होता. पण खरी चुरस होती ती घराच्या मागच्या दाराशी गाडी उभी करायच्या जागेसाठी. वर्षभरासाठी एकच जागा. मी बघत असताना आकडा एकोणीसशेवर गेला.

"बाई बाई," माझ्या शेजारची म्हणाली. "एवढ्यात माझी पहिली गाडी आली होती. जागेसकट."

मी हसले. तिनं हात पुढे केला. "मी मॅकेनाची आई. तुम्ही अ‍ॅन्सलीच्या ना? नाक तेच आहे."

मॅकेना ही अ‍ॅन्सलीची धाकटी. नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलीला तिथे एक थोरली मिळते. थोरलीचं नाव आठवडाभर गुप्त ठेवतात, आणि तो आठवडाभर धाकटीच्या खोलीच्या दाराशी थोरलीकडून रोज काहीतरी येत राहतं. ऑक्टोबरात अ‍ॅन्सलीला धाकटी मिळाली, एवढं मला माहीत होतं.

"मला तुमचे आभार मानायचे होते," ती बाई म्हणाली. तिच्या पोशाखाची किमतीची चिठ्ठी मागे गळ्याशी तशीच राहिली होती. मी ती आत सारली. "अरे देवा, बघा. उद्या परत करायचाय ना दुकानात, म्हणून काढली नाही." ती मोठ्यानं हसली आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "त्या आठवड्यात माझी पोर रोज रात्री फोन करायची. ममा, आज ब्लँकेट आलं. ममा, आज रेनकोट आला. तिच्याकडे रेनकोट नव्हता हो. आम्ही पहिल्या महिन्यातच तिला काढून घेणार होतो, परवडत नव्हतं म्हणून. तुम्ही तिच्यासाठी एवढं केलंत, मला मेलीला लाजच वाटली."

"मी काही केलं नाही," मी म्हटलं.

"असंच म्हणणार तुम्ही. पण पोरींकडे कुठून येतात पैसे? आपल्याच खिशातून ना!"

मी पुन्हा सांगितलं की मी काही केलेलं नाही. तिला तो विनय वाटला. तिनं माझा हात दाबला आणि केकच्या टोपलीवर आठ डॉलर लिहायला गेली.

चार वाजता अ‍ॅन्सली मला हॉटेलवर सोडायला निघाली. गाडीवर पाइनचे पिवळे पराग साचले होते. तिनं पुसणी दोनदा फिरवली तरी काच पिवळीच राहिली. कप ठेवायच्या खाचेत एक जांभळा गोळा पडला होता. मी तो उचलला. स्वतःलाच चिकटणारी ती ताणाची पट्टी असते, हातावर सुईच्या जागी गुंडाळतात. आमच्याकडे ती फिक्या रंगाची येते. रंगीत पट्ट्या कुठे वापरतात तेही मला माहीत होतं. आमच्या गावच्या हमरस्त्यावर, स्वस्त मालाच्या दुकानाशेजारी, लोकांच्या रक्तातला द्रव, प्लाझ्मा, पैसे देऊन घेणारं एक केंद्र आहे.

"कधीपासून प्लाझ्मा विकतेस?" मी विचारलं.

तिनं गाडी वळवून एका किराणा दुकानाच्या आवारात उभी केली. इंजिन चालू ठेवलं, थंड हवेसाठी.

"जानेवारीपासून."

"किती वेळा?"

"सत्तावीस."

तिला मोजावं लागलं नाही. मी मात्र मनात भागाकार केला. आठवड्याला दोनदा. कायद्यानं तेवढंच चालतं.

"दर वेळी प्रोटीन तपासतात?"

"तपासतात. मार्चमध्ये एकदा परत पाठवलं. पाच पूर्णांक आठ आलं होतं. सहा लागतं."

"मग?"

"मग अंडी खाल्ली. पीनट बटर खाल्लं. चार दिवसांनी गेले तेव्हा सहा पूर्णांक दोन आलं."

ती हे असं सांगत होती जसं मी वरिष्ठांना सांगते. मी विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारलं होतं पैसे पुरतात का."

"आणि मी सांगितलं पुरतात. पुरतच होते."

"अ‍ॅन्सली, आपलं ठरलं होतं..."

"मी काहीही मोडलेलं नाही," ती पटकन म्हणाली. हे वाक्य तिच्याजवळ पुष्कळ दिवस तयार असणार. "कर्ज नाही. कार्ड नाही. सगळीकडे बी किंवा वर आहे, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एसुद्धा. ग्रंथालयात नऊ तास. आणि तिकडे एका वेळेला दीड, दोनदा म्हणजे तीन. नऊ आणि तीन किती झाले, ममा?"

बारा झाले.

तो कागद लिहिताना मी प्रत्येक वाईट शक्यता धरली होती. कर्ज धरलं, रात्रपाळी धरली, नापास होणं धरलं. माझी मुलगी माझी प्रत्येक अट अक्षरशः पाळेल आणि पाळण्यासाठी स्वतःच्या शिरेतून देईल, ही शक्यता मी धरली नव्हती. प्रयोगाची आखणी चुकली तर दोष उंदराचा नसतो, एवढं मला समजतं.

"उतरून चालत जाऊ का थोडं?" मी म्हटलं.

"बाहेर नव्वद फॅरनहाइट आहे."

"बरं. मग बसू."

एक बाई ढकलगाडीत पाण्याच्या बाटल्या भरून गेली. अ‍ॅन्सलीनं बाही वर केली आणि पहिल्यांदाच माझ्यापुढे हात सरळ धरला. मी अंगठ्यानं शीर चाचपली. शीर कडक झाली होती, दोरीसारखी.

"दुखतं?"

"सुई जाताना. मग नाही. प्लाझ्मा काढून उरलेलं रक्त परत येतं तेव्हा थंडी वाजते. सगळं अंगभर." ती थोडं हसली. "सगळे बघतात मला तिथे. एक ट्रकवाला म्हणतो, आली बघा आमची राजकुमारी. अंगात सोरोरिटीचा शर्ट असायचा ना. आता काढून जाते."

"मी भरते," मी म्हटलं. "हे सत्र, पुढचं, सगळं. तू हे बंद कर."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा नको म्हणेल. तिनं हात मागे घेतला आणि काचेतून बाहेर बघत राहिली.

"का?" ती म्हणाली.

"का म्हणजे?"

"का भरणार? हा हात बघितलास म्हणून?"

"मग अजून काय हवं?"

"हातासाठी भरणार असशील तर नको. हात मी बरा करते. सोमवारी दहाची वेळ घेतली आहे, ती रद्द करते, पुढेही जात नाही. पैसे भरले नाहीत की नाव कमी करतात, घरात जाता येत नाही. ठीक आहे, मी बाहेर पडते. संपलं. तुझं बरोबर होतं असं धरून चाल." तिचा आवाज आता स्थिर नव्हता. "पण भरणार असशील, तर मला त्या घरात जे मिळतं ते खरं आहे असं वाटून भर. तुला तसं वाटत नाही. जुलैपासून, त्याच्याही आधीपासून, तुझ्या चेहऱ्यावर ते दिसतं. आज जेवताना पण दिसत होतं. तू सगळ्यांशी इतकी नीट वागत होतीस, जशी रुग्णांशी वागतेस."

मी खोटं बोलत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही; कधीकधी साधी दयाही त्यामुळे हातून घडत नाही. अ‍ॅन्सलीला ते ठाऊक होतं, म्हणूनच तिनं तसं विचारलं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असता. त्यामुळे मला शोधावं लागलं की माझ्याजवळ खरं असं काय आहे.

"तुझी आजी गेली तेव्हाचं सांगते," मी म्हटलं.

माझी आई गेल्या ऑक्टोबरात गेली. नव्वदीला आलेली होती. तिची माणसं आधीच गेली होती आणि उरली ती घराबाहेर पडत नव्हती. अंत्यविधीला चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसले होते आणि मागचे बाक रिकामे राहणार हे मला माहीत होतं. गुरुवार होता. दार उघडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद होईना, म्हणून मी मान वळवली. मुली आत येत होत्या. गडद निळे कपडे, केस बांधलेले, दोन तास गाडी चालवून आलेल्या. एकतीस होत्या. मी मोजल्या. तीन बाक भरले. त्यांतल्या एकीनंही माझ्या आईला पाहिलेलं नव्हतं. भजन लागलं तेव्हा त्या गायल्या, आणि आमचं छोटं चर्च भरून गेलं. नंतर जेवण झाल्यावर मी मागच्या स्वयंपाकघरात गेले, तर चौघीजणी त्याच चांगल्या कपड्यांत, बाह्या दुमडून, भांडी घासत होत्या. एक उंच, चष्मेवाली होती, तिच्या हाताला सवय दिसत होती.

"ती मॅकेना," अ‍ॅन्सली म्हणाली. "तिला धाकटी होऊन दोनच आठवडे झाले होते."

"मी त्यांना एकतीस आभारपत्रं लिहिली. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. सगळ्यांनी फळ्यावर लावली होती."

"पण तुला मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी मी त्या दाराकडे पाहिलं तेव्हा मला काय वाटलं ते कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तुझे पप्पा म्हणाले, 'आता तरी भरूया का?' मी म्हटलं, ठरलं ते ठरलं." मी थांबले. "माझ्या कामात एक गोष्ट अक्षम्य असते. निष्कर्ष आधी काढायचा, आणि त्याच्याविरुद्ध जाणारं निरीक्षण आलं की ते वहीतून गाळायचं. कुणी असं केलं तर मी त्याला कामावरून काढीन. ते मी केलं."

तिनं बाही हळूच खाली ओढली.

"ते घर मला आवडत नाही," मी म्हटलं. "गाडीच्या जागेला एकोणीसशे डॉलर, हे मला आजही घाण वाटतं. ज्या मुलींकडे नाहीत त्यांचं काय होतं, हे मी विसरणार नाही. पण ते एकतीसजणींचं येणं खरं होतं. ते मी पाहिलं आहे. मी भरते ते त्याच्यासाठी. एवढंच माझ्याकडे आहे. पुरतं का बघ."

अ‍ॅन्सलीनं डोळे बाहीला पुसले. मग ती म्हणाली, "तिथलं सगळंच काही तसं नाही, ममा. काहीजणी खरंच मूर्ख आहेत."

"मला शंका होतीच."

"एकजण कुत्र्याला ब्युटी पार्लरमध्ये नेते. दर आठवड्याला."

"तिचा कुत्रा ऑरगॅनिकमध्ये किती काढतो?"

ती हसली, आणि हसताहसता रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं काढायला लावला नाही.

हॉटेलच्या दाराशी मी उतरले तेव्हा तिनं सांगितलं की सोरोरिटीच्या खात्यावर पैसे भरणारी म्हणून तिचंच नाव आहे. माझं घालायचं तर तिला तिथून मला निरोप पाठवावा लागेल, त्याशिवाय मला काही भरता येणार नाही. "मी विचार करते," ती म्हणाली. मी म्हटलं, कर. सोमवारच्या दहाच्या वेळेबद्दल ती बोलली नाही आणि मीही नाही.

रविवारी दोन तास गाडी चालवून मी घरी आले. ड्वेनला सगळं सांगितलं. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. ऐकून झाल्यावर त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"सत्तावीस वेळा," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी तिच्यासाठी बसचे टायर काढून विकले असते, तुला न सांगता."

"काउंटीचे टायर?"

"तेच तर. म्हणून विचारलं नाही." त्याचा गंमत करायचा प्रयत्न होता; जमला नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी सही केली होती, रोंडा. तू एकटीनं नव्हती केली."

जोलीनला आम्ही काही कळवलं नाही. तिला आनंद झाला असता आणि तो आम्हाला सोसवला नसता.

सोमवारी मी सकाळी सातला कामावर गेले. आठ वाजता वॉर्डातल्या नळ्या आल्या, नऊला दवाखान्यातल्या. फोन मी पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला होता. एरवी तो कपाटात असतो. नऊ बावन्नला तो वाजला. सोरोरिटीच्या हिशेबखात्याकडून निरोप होता: अ‍ॅन्सलीनं पैसे भरणारी व्यक्ती म्हणून माझं नाव दिलं आहे, मान्य असल्यास कळवावे. खाली तिनं दोन शब्द लिहिले होते: "ऑगस्टपासून चालेल?"

खातं उघडून पाहिलं. एप्रिलचा शेवटचा हप्ता बाकी होता. तो भरायला गेले तर खातं घेईना. चालू सत्र तिनं स्वतःच्याच नावावर ठेवलं होतं. मला ऑगस्टपासूनचं तेवढं उघडं होतं.

नऊ बावन्न. तिची वेळ दहाची. मी हातातली स्लाइड पूर्ण केली आणि पुढची घेतली. फोन करून विचारता आलं असतं. केंद्रातल्या तिच्या वेळेला अजून आठ मिनिटं होती. मी केला नाही. दुपारी जेवायच्या सुटीत मी मान्य असं कळवलं आणि ऑगस्टचा पहिला हप्ता चार महिने आधीच भरून टाकला.

संध्याकाळी तिचा फोन आला. आधी ती ऑरगॅनिकच्या परीक्षेबद्दल बोलली, मग पप्पांच्या गुडघ्याबद्दल विचारलं.

"ममा, तू विचारलं नाहीस," मग ती म्हणाली.

"नाही."

"गेले होते." ती थांबली. "हे सत्र माझं मला पुरं करायचं होतं. शेवटचं होतं. हप्ता भरला आत्ताच."

माझ्या तोंडापर्यंत पुष्कळ काही आलं. तिच्या हाताची शीर, जाड सुई, परत येणाऱ्या रक्ताची थंडी. ती हे सगळं माझ्यापेक्षा जास्त जाणत होती.

"डाव्या हातावर घेतलं?" मी विचारलं.

"हो. उजवा नको म्हटलं त्यांना."

"बरं केलंस. आज जड काही उचलू नकोस."

"हो, मॅम."

तिच्या मागे ताटांचा आवाज येत होता, खूपशा मुली एकाच वेळी बोलत होत्या, आणि कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारत होतं, बिस्किटं संपत आली, ये लवकर म्हणून.

"जाऊ?" तिनं विचारलं.

"जा," मी म्हटलं. तरी तिनं लगेच फोन ठेवला नाही. मीही नाही.